इंजिन माझं, विमान तुझं

रिजली, आयोवा
४ मार्च १९७९

श्री. एमेट टॉलेफसन यांस,

पत्र लिहिताना आधी समोरच्याची प्रकृती विचारतात, म्हणून विचारते. कशी आहे? माझी उत्तम आहे.

एकवीस वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. कोणी मेलेलं नाही. उलट हार्लन ग्रीबने मला लग्नाचं विचारलंय. हार्लन म्हणजे गावात ट्रॅक्टर विकतो तो. बायको जाऊन चार वर्षं झाली त्याला. सज्जन आहे, पीत नाही, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे घोरतही नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. अडसष्टाव्या वर्षी माणसाला विचार करायला थोडा वेळ हवा.

अडचण जेवणाच्या खोलीची आहे. हार्लनकडे बारा माणसांचं ओकचं टेबल आहे, आणि माझ्या जेवणाच्या खोलीत आपलं इंजिन आहे. चुकले. माझं इंजिन आहे.

विसरला असशील तर आठवण करून देते. आपल्या घटस्फोटाच्या वेळी न्यायाधीशमहाराज म्हणाले होते, "दोघांनाही ही एकच वस्तू हवी असेल तर वाटून घ्या. विमान बुवाचं, इंजिन बाईचं." एवढं बोलून ते जेवायला गेले. घोडा एकाला आणि त्याचे पाय दुसऱ्याला, असा तो न्याय होता. पण तू तोंड उघडलं नाहीस म्हणून मीही उघडलं नाही.

इंजिन ठणठणीत आहे. पाचही सिलिंडर चांदणीच्या टोकांसारखे जागच्या जागी. खालच्या दोघांत तेल उतरून बसतं, म्हणून दर रविवारी चर्चहून आले की इंजिनाचा पंखा हाताने फिरवते. त्याआधी छतावरचा दिवा काढून ठेवावा लागतो. खाली केकचं भांडं ठेवलंय, ठिबकलेलं तेल त्यात पडतं. पाहुण्यांना सवय झाली आहे.

तर आता ते हलवायचं आहे. एका म्युझियमच्या गृहस्थांना ते हवंय. ते त्याला करवतीने मधोमध कापणार, आतले दट्टे दिसतील असं करणार, आणि एक बटण बसवणार. मुलांनी बटण दाबलं की सगळं हळूहळू फिरेल. शैक्षणिक आहे म्हणे.

मला त्याचं काहीच नाही. तुला कळवणं रीतीला धरून होईल, एवढ्याचसाठी हे पत्र.

लिओना

*

रिजली
२७ मार्च

एमेट,

तुझं कार्ड मिळालं. दोन वाक्यं. "कापू देऊ नकोस. चालतं का?"

एकवीस वर्षांत माणूस निदान तीन वाक्यांपर्यंत पोचतो असं मला वाटायचं.

पहिल्या वाक्याबद्दल आधी. कार्ड यायच्या आधीच मी म्युझियमवाल्याला घालवून दिलं होतं, तेव्हा तुझ्या सांगण्यावरून मी काही केलं असं समजू नकोस. तो आला, हॅट काढली, कॉफी प्यायला, माझ्या केकचं कौतुक केलं. सगळं नीट चाललं होतं. मग त्याने खिशातून लाल खडू काढला आणि वरच्या सिलिंडरवर एक उभी रेघ ओढली.

"हे काय?" मी विचारलं.

"इथून कापायचं."

"पुसा ते."

"बाई, नुसती खूण आहे."

"पुसा म्हणते ना!"

त्याने रुमालाने पुसलं. मी म्हटलं, "आता उरलेला केक बरोबर घ्या आणि निघा." डबा मात्र त्याने अजून परत पाठवलेला नाही. म्हणून म्युझियमवाल्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. कारण तेवढंच आहे.

आता तुझं दुसरं वाक्य. "चालतं का?" हे तू मला विचारतोस? जत्रेजत्रेतून लोकांना विमानात फिरवून आणताना तू वर बसून गॉगल लावून हात हलवायचास, तेव्हा त्या पाच सिलिंडरांच्या झडपा रोज सकाळी कोण साफ करायचं? ओल्या गवतात पडून कोणाची पाठ गेली? आणि मग एक दिवस तूच म्हणालास की या म्हाताऱ्या इंजिनाचे लाड पुरे, आता आडव्या सिलिंडरांचं नवीन चपटं इंजिन बसवू, त्याला रोज पुसावं लागत नाही. मी म्हटलं होतं, मग माझ्या जागीही एखादी नवीन चपटी बघ. त्यानंतर आपण दोघांनी जे तोंड फिरवलं ते फिरवलं.

एव्हाना बसवलंच असशील ते चपटं. मी विचारत नाही.

पण "चालतं का" म्हणतोस ना, थांब. चालवूनच दाखवते. हार्लनकडे गवताची गाडी आहे.

लिओना

*

रिजली
२१ मे

एमेट,

चालतं.

सोबत टेप पाठवली आहे. आमच्या चर्चच्या पास्टरांच्या रेकॉर्डरवर घेतली आहे. पहिली पाच मिनिटं त्यांचं ईस्टरचं प्रवचन आहे, ते जाऊ दे. मग इंजिन. शेवटी जो आरडाओरडा ऐकू येईल त्याचं कारण सांगते. गावातून दुसऱ्या कोणाकडून काही ऐकण्यापेक्षा माझ्याकडून खरं ते कळलेलं बरं.

इंजिन गवताच्या गाडीच्या मागच्या टोकाला बोल्टांनी पक्कं केलं, पंखा बाहेरच्या बाजूला. माझ्या अंगणात जागा नाही, म्हणून पास्टर एकडाल म्हणाले, चर्चच्या हिरवळीवर आणा. शेजारी राहतात ते, भला माणूस. मी गाडीची चाकं विटा लावून अडवली आणि दुसरं टोक दोरखंडाने ओकच्या मोठ्या झाडाला बांधलं. पंखा गाडीला पुढे ओढणार, दोर मागे धरणार. हिशोब चोख होता.

त्या दुपारी चर्चचं वसंतातलं जेवण होतं. पण आम्ही सकाळीच उरकणार होतो. आता इंजिन अर्धा दिवस रुसून बसलं त्याला मी काय करू? तोवर बायकांनी टेबलं मांडली. सावलीत मांडली. म्हणजे ओकच्या खाली.

गाडी कुठे जाईल याचा विचार मी केला होता, एमेट. वारा कुठे जाईल याचा केला नव्हता.

पास्टर गाडीवर इंजिनामागे वेग कमीजास्त करायची लिव्हर धरून बसले होते. पंखा मी फिरवला. हो, मीच. पाचव्या झटक्याला ते खोकलं, मग शिंकलं, आणि मग पाचही जण एका सुरात गायला लागले. काय सांगू! निळा धूर असा उठला की रस्त्यापलीकडचे लोक बाहेर आले. मी गाडीला वळसा घालून मागे गेले आणि पास्टरना ओरडून सांगितलं, "लिव्हर मागे घ्या!"

त्यांना ऐकू आलं, "लिव्हर पुढे घ्या."

पुढचं फार थोडा वेळ चाललं. आधी कागदी बशा गेल्या. मग टेबलक्लॉथ. मिसेस हॉगचं लिंबाचं जेली सॅलड थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं, तिथे क्षणभर थांबलं आणि उडालं. मीटबॉल जड असतात, ते घरंगळले. लेफ्सेच्या पातळ पोळ्या मात्र पाखरांच्या थव्यासारख्या एकदमच उठल्या आणि कबरस्तानाच्या दिशेने गेल्या. पास्टर डोळे मिटून लिव्हर घट्ट धरून बसले होते. नंतर म्हणाले, प्रार्थना करत होतो. मी चाक धरून वर चढले आणि स्विच बंद केला.

कोणालाही लागलं नाही. हार्लन सोडून, आणि त्यालाही फक्त मनाला. त्याने नवीन बदामी रंगाची गाडी ओकपलीकडेच उभी केली होती. तिच्यावर तेलाचे बारीक ठिपके आले. तो रुमालाने एकेक ठिपका पुसत होता आणि प्रत्येक ठिपका पसरून आणखी मोठा होत होता.

"लिओना," तो म्हणाला, "हे इंजिन घरातून जाणार आहे ना?"

"जाणार आहे."

"नक्की?"

मी म्हटलं, "पण काय गायलं, ऐकलंस ना तू?"

तो पुसतच राहिला.

टेप ऐकून तुझं म्हणणं कळव. वरचा सिलिंडर मला जरा मागे राहतोय असं वाटलं. तुझा कान या बाबतीत चांगला होता, हे मी कधीच नाकारलं नाही.

लिओना

*

रिजली
१४ जून

एमेट टॉलेफसन,

तुझं पत्र आलं. या खेपेला पूर्ण अर्धं पान. पंखांवर नवीन कापड चढवलंय, विमान कोठारात कोरडं आहे, चाकं बरी आहेत. सगळं लिहिलंस. टेपबद्दल एक शब्द नाही!

एका टेपसाठी अख्ख्या गावाचं जेवण उडालं. पुढचे तीन रविवार चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. आणि तुझ्याकडून "बरं वाटलं" एवढंही नाही.

म्हणून मी मंगळवारी फोन केला. मी तो करायला नको होता. मी म्हटलं, "एमेट, लिओना बोलतेय." तू म्हणालास, "कोण आहे?" मी पुन्हा सांगितलं. "कोण? मोठ्याने बोला!" मी इतक्या मोठ्याने सांगितलं की पास्टर त्यांच्या अंगणातून ओ देत आले. आणि तू फोन ठेवून दिलास. ओळख दाखवायची नसेल तर तसं सांगावं. नाटकं कशाला?

असो. कामाचं बोलू.

तू म्हणतोस इंजिन नेब्रास्काला आण. मी म्हणते विमान इकडे आण. तू येणार नाहीस, मी येणार नाही. पास्टर म्हणाले, नदीच्या अलीकडे, निम्म्या वाटेवर, त्यांच्या मेहुण्याचं शेत आहे. त्यात गवती धावपट्टी आहे आणि मोठं कोठार. जुलैत तो मासे धरायला जातो, तेव्हा जागा मोकळी असते. तू तिथे ट्रेलरवर विमान आण, मी इंजिन आणते. निम्म्या वाटेला यायला कोणाचीच मान खाली जात नाही.

ट्रक हार्लनचा. एवढा मोठा दुसऱ्या कोणाकडे नाही.

"म्हणजे तुझं इंजिन तुझ्या आधीच्या नवऱ्याकडे मी पोचवायचं?" तो म्हणाला.

"इंजिन गेलं की टेबल येईल."

ट्रकमध्ये पेट्रोल त्याने लगेच भरलं.

आता शेवटची ओळ. "माझं उडणं बंद झालंय, डॉक्टरांनी परवाना काढून घेतला, कोणीतरी दुसरा बघावा लागेल," असं तू कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंस. कारण लिहिलं नाहीस. हृदय असेल नाहीतर डोळे असतील. रोज लोणी चोपडून खाणाऱ्या माणसाला मी तेव्हाच सांगत होते.

दुसरा कोणी बघायची गरज नाही. माझा परवाना चालू आहे. दर खेपेला डॉक्टरांकडून तपासणी करून घेते, शेजारच्या गावच्या क्लबचं विमान अधूनमधून चालवते. हार्लनला वाटतं मी तिथे ब्रिज खेळायला जाते. उगीच गैरसमज करून घेऊ नकोस. सवय राहावी म्हणून केलं, आणखी काही नाही.

लिओना

ता. क. दोन जाड स्वेटर आण. मला समोरच्या बाजूने वारा फार लागतो हे तुला माहीत आहे.

*

रिजली
२९ जुलै

एमेट,

परवाच तर निरोप घेतला आणि आज पुन्हा पत्र, म्हणून हसू नकोस. त्या चार दिवसांत तुझ्या पाठीमागे पुष्कळ काही बोललं गेलं. तू तिथेच उभा होतास, पण तुला त्यातलं काही मिळालं नाही. तुझ्या वाट्याचं आहे, म्हणून लिहून पाठवते.

पहिला दिवस. आम्ही पोचलो तेव्हा तू ट्रेलरपाशी होतास. मी ट्रकमधून हाक मारली. तू पाहिलं नाहीस. हार्लन म्हणाला, "हा बोलत का नाही?" मी म्हटलं, "रागावलाय. एकवीस वर्षं रागावलाय." मग तू वळलास, हॅट काढलीस आणि म्हणालास, "तू बारीक झालीस." मी म्हटलं, "तू नाही झालास." तू नुसता हसलास. माझा टोमणा हसण्यावारी नेलास असं वाटून मी जरा चकितच झाले.

मग तुझ्या विमानाच्या नाकावरची ताडपत्री मी काढली. ते चपटं इंजिन बघायला माझं मन घट्ट करून आले होते. मागे नुसती रिकामी चौकट. बोल्टांची जुनी पाच भोकं, त्यांना ग्रीस लावून ठेवलेलं. नवीन एकही भोक नाही. मी बराच वेळ ताडपत्रीची घडी घालत बसले. तू विचारलंस, "काय झालं?" मी म्हटलं, "धूळ." तेही तुला ऐकू आलं नसणार, पण तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं.

इंजिन चढवायला दोन दिवस गेले. हार्लन साखळी धरून होता आणि सारखा बोलत होता. दुसऱ्या संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "लिओना, तुझा हा नवरा मला वेगळा वाटला होता. किती छान ऐकून घेतो! मी सकाळपासून नांगराच्या फाळांबद्दल सांगतोय, एकदाही त्याने मधे तोडलं नाही. माझी बायको, देव तिला सुखी ठेवो, दुसऱ्या वाक्याला उठून जायची."

"आधीचा नवरा," मी म्हटलं.

"तोच. असा माणूस तू सोडलास कसा?"

तिसऱ्या दिवशी विमानांचा तपासनीस येऊन सही करून गेला. दुपारी आपण चालू करणार होतो. तू कोठाराच्या दाराशी आमच्याकडे पाठ करून थर्मासमधून कॉफी ओतत होतास. हार्लन विमानात लिव्हरवर. त्याच्याकडून मी मागे आणि पुढे यांचा तीनदा सराव करून घेतला होता. मी म्हटलं, एमेटला दचकवू. पंखा फिरवला आणि दुसऱ्या झटक्यालाच इंजिन सुरू झालं.

कोठाराच्या छपरावरचे कावळे उडाले. शेतकऱ्याचा कुत्रा ट्रकखाली घुसला. पत्रे वाजायला लागले.

आणि तू कॉफी ओतत राहिलास.

झाकण लावलंस. एक घोट घेतलास. मी तुझ्या पाठीकडे बघत उभी होते, आणि तो फोन, ती टेप, ते "मोठ्याने बोला" सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मग धूर तुझ्यापर्यंत पोचला. तू नाक वर केलंस, वास घेतलास आणि वळलास. तुझा चेहरा कसा झाला ते तुला दिसलं नाही, म्हणून सांगते. एखाद्या मुलाला कोणीतरी स्टेशनवर न्यायला आलं की होतो ना, तसा झाला.

आत हार्लन ओरडत होता, "बंद करू? लिओना, बंद करू का?" मी ऐकलं नाही. थोडा वेळ मीही बहिरीच होते.

नंतर मी तुझ्या समोर उभी राहून एकेक शब्द सुटा करत विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

तू म्हणालास, "तू टेप पाठवली होतीस. कसं सांगणार?"

"म्हणजे वाजवलीच नाहीस?"

"रोज वाजवतो. स्पीकरवर हात ठेवून." आणि मग म्हणालास, "आधी बराच वेळ काहीतरी फारच कंटाळवाणं आहे. मग इंजिन येतं. वरचा सिलिंडर मागे राहतो."

हे मी पास्टरना सांगितलेलं नाही. प्रवचनाचं.

चौथ्या दिवशी सकाळी आपण वर गेलो. तू पुढे, मी मागे. धावपट्टी संपत आली तरी ते उठेना तेव्हा मी देवाला काय कबूल केलं ते देव आणि मी बघून घेऊ. मग चाकाखालचं गवत सुटलं. तुझे दोन्ही तळवे पुढच्या पत्र्यावर सपाट ठेवलेले मला मागून दिसत होते, अगदी उतरेपर्यंत.

आपण वर असताना हार्लन खाली काय करत होता ते मला वरून दिसत होतं. तो शेताच्या कुंपणाशी उभा राहून बघत होता. परतताना घराजवळ पोचेपर्यंत एकही शब्द बोलला नाही. हार्लन! शेवटी माझ्या दारात ट्रक उभा करून म्हणाला, "लिओना, मला वाटलं होतं त्या खोलीत फक्त इंजिनच आहे."

मी म्हटलं, "मलाही तसंच वाटलं होतं."

"मग लग्नाचं राहू दे," तो म्हणाला. "पण टेबल मी आणून ठेवणार. माझ्या बायकोला त्यावर माणसं जेवलेली आवडायची. आणि तुझा तो शांत मित्र इकडे आला तर मला कळव. फाळांचं अर्धंच झालंय, पेरणीयंत्र तर राहिलंच आहे." हे बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तो ते आपल्या बदामी गाडीवरच्या तेलासारखं पुसत होता, त्यामुळे आणखीच पसरत होतं. भला माणूस आहे, एमेट. त्याच्याशी नीट वाग. समोर बसून ऐकल्यासारखं कर.

काल टेबल आलं. सगळी खोली भरून गेली. मी एका टोकाला बसून अंडं खाल्लं. समोर अकरा खुर्च्या.

आता शेवटचं. आपण नदीवर होतो, डावीकडे वळताना, तेव्हा मी मागून ओरडून तुला काहीतरी सांगितलं. इंजिनाच्या वर आवाज चढवून, घसा फाटेपर्यंत. आणि नेमकी तेव्हाच तू मान हलवलीस. खाली हरणं दिसली असतील, किंवा वारा मानेत गेला असेल. पण मी खुळ्यासारखी कितीतरी वेळ तसंच धरून बसले की तू हो म्हणालास.

काय म्हटलं ते मी लिहिणार नाही. अशा गोष्टी पोस्टाने पाठवण्याइतकी मी म्हातारी झालेले नाही. मंगळवारी सकाळी निघते, अंधार पडायच्या आत तुझ्या दारात असेन. निम्म्या वाटेवर नाही, तुझ्या दारात. दार उघडशील तेव्हा दिवा लाव, चष्मा घाल आणि माझ्या ओठांकडे बघ. एकदाच सांगणार आहे.

तुझी
लिओना